टेलपासून लावलेली यादी

नाना, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहावं इतका मी तुमचा कोणी नव्हे. आपली प्रत्यक्ष भेट मोजून दोन वेळा झाली. तुमच्या दुकानात रोज बसायला येणारी माणसं लोणीत आहेत, तुमच्या हातची मोटर अजून ज्यांच्या विहिरीवर चालते अशी कितीतरी घरं आहेत. लिहायचा मान त्यांचा. मी डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरचा मुलगा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. दोन पानांचं पत्रसुद्धा आमच्यात कुणी कुणाला लिहिलेलं नाही. त्यामुळे हे कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. काही वेडंवाकडं झालं तर तुम्ही रागावणार नाही, एवढा भरवसा आहे. रागावलात तरी चालेल.

तुमच्या दशक्रियेला घाटावर सहा जण माईकवर बोलले. पाणीवापर संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "नाना म्हणजे आपल्या भागाचे संगणकतज्ज्ञ." हे ऐकून तुम्ही हसला असता. तुम्ही स्वतःला कायम वाइंडिंगवाला म्हणायचात. जळालेल्या मोटरीची तांब्याची तार काढायची, नवी भरायची, हे काम, आणि पायथन हा नाद. कुणीतरी माईक माझ्याकडेही आणला. मी नको म्हणून मान हलवली. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात एकदाच बोललो होतो, आणि तेही तुम्ही बोलायला लावलं म्हणून. त्यावरूनच आपलं भांडण झालं. ते मिटलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं, असं आमचे सर म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण पूर्ण गोड लिहिणं मला जमणार नाही.

आपली ओळख झाली तीही तुमच्या बोलण्यानंच. मी दुसऱ्या वर्षाला होतो. जुन्नर, नारायणगाव, मंचरकडच्या मुलांचा पायथनचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात मला मित्रानं घातलं होतं. माझा प्रोग्राम चालेना. मी लॅबमधल्या स्क्रीनचा तिरका फोटो काढला आणि खाली लिहिलं, "सर, प्रोग्राम रन होत नाही. अर्जंट. प्लीज." मग तुमचा आवाजी संदेश आला. मागे हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"हे बघ भाऊ, रोज लोक टेम्पोत मोटर घालून आणत्यात आन म्हणत्यात, चालत न्हाई. अरं, चालत न्हाई ते मला बी दिसतंय, चालली असती तर आणली असती का? वास आला व्हता का? गुंगत व्हती का? माज्या आदी कुणी हात घातला व्हता? ते सांगा ना राव! तर तू असं कर. तुला काय पायजे व्हतं ते लिव्ह. तू काय केलंस ते लिव्ह. झालं काय ते लिव्ह. आन लाल अक्षरातली एकदम खालची वळ काय म्हणतीय ती लिव्ह. चार गोष्टी. फोटू नको. फोटूतला कोड मला उचलून चालवता येत न्हाई."

मला राग आला. हा कोण मोटरवाला मला शिकवणार, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी प्रोग्राम जमा करायचा होता, म्हणून मुकाट्यानं लिहायला बसलो. चौथी गोष्ट लिहिण्यासाठी शेवटची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. तिच्या वरच चुकलेल्या ओळीचा नंबर सरळ दिलेला होता. त्या ओळीच्या आधी मी कुठे टॅब दिला होता, कुठे चार स्पेस. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पायथनला नाही. मी ग्रुपवर टाकलं, "सापडली." तुम्ही म्हणालात, "मग मला कशाला उठवलंस? चहा पाज आता."

तो चहा पाजायला म्हणून मी पहिल्यांदा लोणीला आलो. जुन्नरहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून लोणी, तीन एसट्या. दुकानात व्हार्निशचा वास भरून राहिला होता आणि तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये, प्लास्टिकच्या कागदाखाली, तुमचा लॅपटॉप होता. त्याचं एक बटण निघालेलं. त्या जागी तुम्ही काडेपेटीतली काडी वापरायचात. चहाचे पैसे तुम्ही मला देऊ दिले नाहीत आणि माझा कोड उघडायला लावलात. मी जिथे जिथे अडलो होतो तिथे तिथे 'ट्राय' लावून खाली 'एक्सेप्ट, पास' लिहून ठेवलं होतं. म्हणजे चूक झाली तर प्रोग्रामनं काही बोलायचं नाही, गप पुढे जायचं. मला ती मोठी हुशारी वाटत होती.

तुम्ही ते बघितलं आणि उठून कोपऱ्यातला एक जुना स्टार्टर घेऊन आलात. त्यात फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार पिळून बसवली होती.

"हे काय हाय?"

"फ्यूज."

"फ्यूज असता तर उडाला असता. ही तार हाय. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मालकानं वैतागून घातली. मंग काय झालं? फ्यूज उडायचा बंद झाला, आन मोटर जळून माज्याकडं आली. तू बी तेच केलंय. बोंबलतंय त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

नाना, त्यानंतर मी कितीतरी पुस्तकं उघडली. चुका का लपवू नयेत हे कुणी इतकं लख्ख सांगितलं नाही. आमच्या कॉलेजातली काही मुलं तुमच्या आवाजी संदेशांची नक्कल करून हसायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. मीही एकदा हसलो आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. ग्रुपवर एकीनं घाबरत विचारलं होतं, "नाना, प्रश्न इंग्लिशमध्येच विचारायचा का?" तुम्ही म्हणालात, "ज्या भाषेत रडू येतंय त्या भाषेत इचार." ती मुलगी आता दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते.

आता भांडणाकडे येतो.

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. मुलं हॉस्पिटलचं नाहीतर लायब्ररीचं काहीतरी घेत होती. तुम्ही म्हणालात, आमच्या चारीची पाळीची यादी कर, लोक वापरतील तरी. लोणीच्या बाजूच्या तुमच्या गावाला कालव्याची एक चारी जाते. चारीला एकोणचाळीस दारं, म्हणजे पाणी शेतात वळवायच्या जागा. पहिलं दार कालव्याजवळ, त्याला हेड म्हणतात. एकोणचाळिसावं अगदी शेवटी, ते टेल. पाणी सुटलं की कुणी कुठल्या दिवशी किती तास घ्यायचं याची यादी सेक्रेटरी हातानं लिहायचे आणि दरवेळी भांडणं व्हायची. मी दोन महिने खपून प्रोग्राम लिहिला. नावं, क्षेत्र, फोन नंबर सगळं भरलं, आणि शेवटी दारांच्या नंबराप्रमाणे सॉर्ट करून टाकलं. एक, दोन, तीन. मोबाइलवरच्या एआयला विचारलं तर त्यानंही तसंच लावून दिलं. तुम्हाला दाखवायला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "आता तू तयार झालास. दरवेळी मला काय दाखवतोस? पाठव सेक्रेटरीला."

हे तुमचे शब्द आहेत, नाना. मी ते विसरलेलो नाही.

यादी संस्थेच्या बोर्डावर लागली. दोन दिवस पाणी वरच्या दारांना चाललं. तिसऱ्या दिवशी टेलच्या शेवंताकाकूंनी तुम्हाला फोन केला, आमची पाळी एकदम शेवटच्या दिवशी कशी काय आली म्हणून. शेवटच्या दिवसापर्यंत पाणी कधीच टिकत नाही. वरचे लोक पाळी संपली तरी दारं उघडी ठेवतात, मग कालवा बंद होतो. म्हणून तर तुमच्याकडे पाळी टेलपासून सुरू करतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. आमच्या डोंगरात भाताची खाचरं असतात, एकाखाली एक. पाणी वरच्या खाचरात भरतं, मग बांधावरून खालच्यात उतरतं. माझे वडील म्हणतात, "वरचं भरल्याबिगर खालचं कसं भरंल?" मी ते इतकं धरून चाललो होतो की विचारायचं असतं हेही सुचलं नाही.

तुम्ही मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा संस्थेच्या ऑफिससमोर माणसं जमली होती. वरच्या दारांचा एक जण म्हणत होता, "कंप्युटरनं काढलीय यादी. त्यात आपुन काय बोलणार?" सेक्रेटरी मान डोलवत होते. त्यांचं दार चौथं.

तुम्ही म्हणालात, "कंप्युटरला चारी ठावं हाय का? कंप्युटरनं न्हाई काढली. ह्या पोरानं काढलीय. सोमा, बोल."

मी पुढे झालो. म्हणालो, "माझी चूक झाली. टेलपासून लावतात हे मला माहीत नव्हतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "डोंगरातलं पाव्हणं, त्याला पाट काय कळतोय!" सगळे हसले. तुम्हीही थोडं हसलात. मी बघितलं.

मग आत बसून मी प्रोग्राममध्ये एक शब्द वाढवला. रिव्हर्स. बस, एवढंच. नवी यादी छापली, तुम्ही जुनी काढून त्या जागी ती लावली. पण गेलेले दोन दिवस परत आले नाहीत. पाण्याच्या त्या आवर्तनात शेवंताकाकूंचा निम्माच कांदा भिजला.

त्यानंतर तुम्ही मला मोटरसायकलवर बसवून टेलला नेलंत. चारीच्या कडेकडेनं खाली खाली. वरच्या अंगाला ऊस, खाली येता येता रान उजाड. काकूंनी भाकरी वाढली. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आवो पावणं, आमच्याकडं पाणी म्हंजी जावायासारखं. येतो, येतो म्हणायचं, आन ऐन सणाला निरोप धाडायचा, न्हाई जमत." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मला मान वर करता येईना.

परत येताना स्टँडवर मी धीर करून बोललो. "नाना, मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. सगळ्यांसमोर कशाला?"

"यादी चव्हाट्यावर लावली व्हती का न्हाई? मंग चूक कोपऱ्यात कशी सांगायची?"

"पण दाखवू नको असं तुम्हीच म्हणाला होतात."

तुम्ही गाडीला किक मारत राहिलात, ती लागेना. तेवढ्यात माझी एसटी आली.

नाना, पहिली गोष्ट तुमची बरोबर होती. हे मी आज मान्य करतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं सगळ्यांच्या डोळ्यांदेखतच दुरुस्त व्हायला हवं. पण दुसरी गोष्ट माझी बरोबर होती. मी चुकलो असं म्हणालो तेव्हा माझ्या शेजारी उभं राहून "आन मी न बघता पाठवली" एवढं तुम्ही म्हणायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. हसले ते दोघांना हसले असते. मला ते फार हलकं झालं असतं. तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही.

मी ग्रुपचा आवाज बंद केला. तुम्हाला काही विचारलं नाही. दीड महिना गेला. मग एका दुपारी तुमचा संदेश आला, फक्त मला, नऊ सेकंदांचा. "सोमा, प्रोग्राम चालतोय ना? का न्हाई? हं?" मागे हातोडी नव्हती. तुम्ही घरून बोलत होतात. दुकान बंद ठेवलं होतं हे मला नंतर कळलं. मी तो संदेश ऐकला आणि मनात म्हणालो, काय पाहिजे होतं, काय केलं, काय झालं, शेवटची ओळ, यातलं एकही नाही. स्वतःचाच नियम मोडला. मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, परवा देऊ म्हणत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तुमच्या पुतण्यानं ग्रुपवर लिहिलं, नाना गेले. सगळ्या ग्रुपला तुम्ही उत्तरं दिलीत. तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत, आणि मी गप्प बसलो. याची माफी कुणाकडे मागायची ते मला कळत नाही.

दशक्रियेनंतर दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन आला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो.

"सोमनाथराव, काय म्हणतोय अभ्यास?" मला राव म्हणणारे ते पहिलेच. "सोमवारी पाणी सुटतंय. यादी लागंल."

"पाठवतो."

"आन हे बघ, ह्या टायमाला जरा वरनं लाव."

"वरून म्हणजे?"

"पहिल्या दारापासनं रे. तू पहिल्यांदा काढली व्हतीस का न्हाई, तशीच. ती बेस व्हती. नाना उगा हट्टाला पेटले."

"पण नेम टेलपासूनचा आहे ना?"

"नेम हाय, कोण न्हाई म्हणतंय? पण आमी हातानं तशी लिवली तर लोक अंगावर येत्यात. कंप्युटरनं काढली म्हणलं की कुणी बोलत न्हाई. एका शब्दाचं तर काम हाय." मग म्हणाले, "तुज्या प्रोजेक्टला संस्थेचं पत्र लागतंय ना? शिक्क्याचं? त्ये बी करून टाकू. इचार कर."

प्रोग्राम खरोखर वापरला जातो असं पत्र जोडल्याशिवाय आमचा प्रोजेक्ट धरत नाहीत. ते पत्र मिळालं नाही तर माझं वर्ष अडकतं. घरी वडिलांनी वाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगं या उन्हाळ्यात पास होणार. सेक्रेटरींना हे सगळं माहीत नसेल. पण कुठे दाबायचं तेवढं त्यांना बरोबर माहीत होतं.

मी लायब्ररीत जाऊन बसलो. कुणाला विचारावं? माझ्याकडे विचारण्यासारखं माणूस एकच होतं. मग वहीत तुमच्या चार गोष्टी लिहायला घेतल्या. पहिल्या दोन लिहिल्या. तिसऱ्यावर अडलो, कारण अजून काही झालंच नव्हतं. जे व्हायचं ते मीच करायचं होतं.

खरं सांगतो, नाना, मी तो शब्द पुसून बघितला. रिव्हर्स काढला आणि प्रोग्राम चालवला. कुठेही लाल अक्षर आलं नाही. एक, दोन, तीन, चार. यादी कशी सुंदर दिसत होती! चुकीची यादीसुद्धा इतक्या बिनबोभाट चालते, याची मला भीती वाटली. तिथे फ्यूज नाही. तिथे फ्यूज म्हणजे मीच. मी तो शब्द परत लिहिला.

मग सेक्रेटरींना फोन लावला.

"यादी टेलपासूनच येईल."

"तू कोण रं ठरवणारा?"

"ठरवणारा मी नाही. पण लावणारा मी आहे."

"मंग ठेव तुजी यादी तुज्याकडं. आमी हातानं लिवू."

"लिहा. फक्त खाली कंप्युटरनं काढली असं लिहू नका. तुमची सही करा."

ते काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही. फोन ठेवल्यावर मी जिन्यावर बसून राहिलो.

त्यानंतर मी आणखी एक काम केलं. ते तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला नक्की सांगता येत नाही. यादीच्या तळाला दोन ओळी घातल्या. 'ही यादी टेलपासून लावली आहे. मी लावली आहे. शंका असल्यास मला फोन करावा.' खाली माझं नाव, वाडीचं नाव, माझा नंबर. आणि बोर्डाची वाट न बघता ती सगळ्या एकोणचाळीस जणांच्या फोनवर पाठवली. पाठवतानाही एकोणचाळीसपासून सुरुवात केली.

फोन आले. दोन दिवस येत होते. एकानं विचारलं, "पोरा, मागल्यासारखं चुकून तर न्हाई ना झालं?" मी म्हणालो, "मागे चुकून झालं होतं. आता मुद्दाम केलंय." एकजण नुसता शिव्या देत होता. त्याचं होईपर्यंत मी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमचं दार कितवं?" तो म्हणाला, "दुसरं." मी म्हणालो, "दादा, पाणी तुमच्याच दारावरून खाली जाणार आहे. तुम्हाला कधीही मिळेल. खालच्याला सांगा, कुठून मिळणार?" हे तुमचं वाक्य, नाना. टेलला जाताना मोटरसायकलवर तुम्ही ओरडून सांगितलं होतं, वाऱ्यात निम्मं उडून गेलं होतं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही. तो म्हणाला, "लई बोलायला शिकलास." मी शिकलेलो नाही. अजूनही माईक आला तर मी मानच हलवीन. पण फोन मात्र मी प्रत्येक उचलला.

सेक्रेटरींनी हातानं यादी लिहिली नाही. का लिहिली नाही, ते तेच जाणोत. एकोणचाळीस फोनांत एक यादी असताना बोर्डावर दुसरी लावायची, तर तिच्याखाली नाव घालावं लागलं असतं. संस्थेचं पत्र मात्र अजून आलेलं नाही. बहुतेक येणारही नाही. मी सरांना सांगितलंय की पत्र नसलं तर प्रोजेक्टमध्ये ते का नाही याचं पान लिहीन, खरं तेच लिहीन. आणि आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं असेल. सर म्हणाले, त्यांची पदवी काय लिहायची? मी म्हणालो, वाइंडिंगवाले. सर म्हणाले, बघ बाबा, बाहेरून परीक्षक येतात. मी म्हणालो, बघितलं, सर. तेच ठेवा.

ग्रुपवर कुणीतरी म्हणालं, नाना गेले, आता ग्रुप बंद करू. मी लिहिलं, का बंद करायचा? प्रश्न संपले का? तुमचे आवाजी संदेश मी एकेक ऐकून उतरवून काढतोय. तुमच्याच भाषेत, व्हतं ला व्हतं आणि न्हाई ला न्हाई. एकजण म्हणाला, शुद्ध करून लिही, नाहीतर लोक हसतील. हसू देत. मागे हातोडीचा ठोका पडतो तिथे मी कंसात 'ठोका' असंही लिहितो.

सोमवारी पाणी सुटलं. ते चारीला लागायलाच दोन दिवस जातात, त्यामुळे मंगळवारी काही कळलं नाही. बुधवारी वरच्या अंगाला दोन दारं कुणीतरी उघडली आणि पाण्यावर देखरेख करणाऱ्या पाटकऱ्यानं ती बंद केली, एवढं ऐकू आलं. शेवंताकाकूंच्या कांद्याचं हे शेवटचं पाणी. हे चुकलं तर कांदा पोसत नाही, गोटीएवढाच राहतो. मागे निम्मा माझ्यामुळे गेला होता. मी गुरुवारी तासाला बसलो होतो, पण फळ्यावर काय चाललंय ते डोक्यात शिरत नव्हतं. दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. वाटलं, आणखी एक शिवी. बाहेर येऊन उचलला.

"कोण, सोमा का? पावणं, मी शेवंता. टेलची."

"बोला काकू."

"आलं बरं का. सकाळधरनं चालू हाय. पार शेवटच्या वाफ्याला टेकलंय. पाय चिखलात हाईत माजं." मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी 'वाफा भरला, तिकडलं दारं मोड' म्हणून ओरडत होतं. "आलं की नानांला फोन करायचं ठरल्यालं व्हतं. फोन काढला, नाव बी काढलं, आन मंग ध्यानात आलं. म्हणलं, आता कुणाला सांगावं? कागदावर तुजा नंबर व्हता."

त्या म्हणाल्या, "ऐकतोयस न्हवं?"

मी म्हणालो, "ऐकतोय काकू. सांगतो त्यांना."

नाना, पाणी टेलला पोचलं.